रोग ओळखणारी पट्टी आणि आपली वस्ती

(चिंचोटी येथे आरोग्यविषयक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आजच्या विषयाचं नाव निमंत्रणात 'नॅनो बायोसेन्सर' असं आलं आहे. नाव जड आहे, वस्तू जड नाही. ती मी समोरच्या टेबलावर ठेवली आहे: हिवतापाच्या तपासणीचं एक कार्ड, कोविडच्या काळातलं घरगुती किट आणि शुगर बघायचं मशीन. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. मशीनमधून आलेल्या आकड्याचं पुढे काय होतं, हे माझं काम. त्यामुळे औषध कोणतं घ्यावं हे मला विचारू नका. तो आकडा किंवा ती लाल रेघ येते कुठून, तिच्यावर किती विश्वास ठेवावा आणि ती आल्यानंतर आपण वस्तीत काय करायचं, एवढंच बोलतो.

हे कार्ड बघा. आशाताई तापाच्या माणसाच्या बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब यावर टाकतात, वर द्रावणाचे थेंब सोडतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. रेघ लाल का? बहुतेक कार्डांत ती सोन्यामुळे लाल असते. होय, सोनं! बांगडीतलं सोनं पिवळं दिसतं, पण त्याचे काही दशक नॅनोमीटरचे कण केले की प्रकाश त्यांच्याशी वेगळा वागतो आणि सोनं माणकासारखं लाल दिसतं. १८५७ मध्ये मायकेल फॅरेडेने लंडनमध्ये असं लाल सोनं बाटलीत करून दाखवलं होतं. नॅनोमीटर म्हणजे किती? आपला एक केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. त्यावरून अंदाज करा.

या सोन्याच्या कणांना अँटिबॉडी चिकटवलेली असते. अँटिबॉडी म्हणजे एका विशिष्ट पदार्थालाच पकडणारा हात. हिवतापाचा जंतू रक्तात जे प्रथिन सोडतो, ते या हाताला सापडलं की सोन्याचा कण त्याला घेऊन कागदावरून पुढे सरकतो. पुढे रेघेच्या जागी दुसरा हात वाट बघत असतो. तिथे हे सगळे अडकतात. लाखो कण एका जागी जमले की डोळ्यांना रेघ दिसते. वीज नको, मशीन नको. शेजारची दुसरी रेघ फक्त कार्ड चालू आहे का एवढं सांगते. ती उमटली नाही तर कार्ड फेकायचं, मग पहिली रेघ कशीही येवो.

म्हणजे नॅनो आपल्याकडे येणार, येणार म्हणून वाट बघायला नको. ते पाड्यावर आशाताईंच्या पिशवीत कधीच पोचलं आहे.

बारीक कणाचा फायदा काय? एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या. त्याचा सगळा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा एक नॅनोमीटरच्या चौकोनी तुकड्यांत कापला तर सगळ्या तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर होतो, जवळपास दीड एकर. माल तेवढाच, पण हात लावायला जागा दीड एकर. रक्तातला एखादा पदार्थ अगदी थोडा असला तरी तो कुठेतरी पकडला जाण्याची शक्यता वाढते. आजार लवकर ओळखायचा म्हणजे थोडं असताना ओळखायचं. नॅनोचं सगळं आकर्षण यात आहे.

दुसरी पद्धत विजेची. शुगरच्या मशीनची पट्टी हा जगात सर्वात जास्त वापरला जाणारा बायोसेन्सर. त्याची मूळ कल्पना अमेरिकेतल्या लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली. पट्टीवर एक एन्झाइम असतं, ते रक्तातल्या साखरेवर काम करतं, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, मशीन तो प्रवाह मोजतं आणि आकडा दाखवतं. आता संशोधक त्या पट्टीवर सोन्याचे कण किंवा कार्बनच्या नॅनोनळ्या लावून आणखी बारीक मोजमाप करू पाहतात.

तिसरी पद्धत आपल्या शेजारचीच म्हणायला हवी. पवईला, आयआयटी मुंबईत. चिंचोटीहून पवई नकाशावर फार लांब नाही. घोडबंदर रस्त्यावर किती वेळ लागेल ते मी बोलत नाही. तिथे २००६ मध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र उभं राहिलं. प्रा. रामगोपाल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात येणारी प्रथिनं ओळखण्यासाठी कँटिलिव्हरवर काम केलं. कँटिलिव्हर म्हणजे एका टोकाला भिंतीत घट्ट बसवलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी फळी. फक्त ही फळी डोळ्यांना दिसणार नाही इतकी लहान. तिच्या एका बाजूला अँटिबॉडी लावायची. हवं ते प्रथिन येऊन चिकटलं की फळी काही नॅनोमीटर वाकते, आणि तिच्यात बसवलेल्या विद्युतरोधाचं मोजमाप बदलतं. २०१३ मध्ये राव यांना नॅनो पातळीवरच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

आता पुढची गोष्ट ऐका, ती मला महत्त्वाची वाटते. आयआयटीतूनच नॅनोस्निफ टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी निघाली. तिने एप्रिल २०२१ मध्ये 'नॅनोस्निफर' हे यंत्र बाजारात आणलं. ते स्फोटकांचा माग काढतं. सुरक्षेला त्याची गरज आहे, माझी तक्रार नाही. पण हृदयाच्या तपासणीसाठी ज्या जातीचं ज्ञान जमा झालं, त्याला विमानतळाचं गिऱ्हाईक आधी मिळालं, छातीत दुखणाऱ्या माणसाचं नंतर. कुठलं तंत्रज्ञान कुठे जातं हे फक्त प्रयोगशाळेत ठरत नाही. कोण मागतं आणि कोण पैसे देतं, त्यावर ठरतं. आपल्या वस्त्यांनी आजवर काय मागितलं? रस्ता, पाणी, कब्रस्तानची जागा. रास्त मागण्या आहेत. तपासणीची सोय त्या यादीत क्वचितच असते.

याच्या उलट उदाहरण गोव्याचं आहे. मोलबायो डायग्नॉस्टिक्स या कंपनीने 'ट्रूनॅट' नावाची टीबीची तपासणी आणली. काटेकोर बोलायचं तर ती नॅनो बायोसेन्सर नाही. ती जंतूचा डीएनए वाढवून ओळखणारी पीसीआर तपासणी आहे, पण छोट्या चिपवर होणारी आणि बॅटरीवर चालणारी. जिथे वातानुकूलित लॅब नाही तिथेही ती करता येते. बेडक्यात टीबी आहे का हे कळतं, आणि असेल तर रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, हेही त्याच दिवशी कळू शकतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. जुन्या पद्धतीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. तेवढे होईपर्यंत माणूस घरात, गोदामात, शेअर रिक्षात खोकत असतो. चिंचोटीहून कामण आणि पुढे भिवंडीपर्यंतच्या रस्त्यावर गोदामं आणि कारखाने आहेत. एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा मुलं राहतात, खिडकी एक. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. ते अशाच खोल्यांत आहेत.

म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी केंद्रात जाऊन विचारा, 'ट्रूनॅट किंवा सीबीनॅट होईल का?' हे नाव घेऊन विचारा. नाव माहीत असलेल्या माणसाला सहसा परत पाठवत नाहीत.

आता विश्वासाचा प्रश्न. पट्टीवर रेघ आली म्हणजे आजार आहे, नाही आली म्हणजे नाही, इतकं ते सरळ नसतं.

पावसाळ्याचं उदाहरण घेऊ. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं, रेल्वे बंद पडली, वसईच्या मिठागरात शेकडो माणसं अडकली. अशा पाण्यानंतर ताप येतो तेव्हा तो डेंग्यू, हिवताप, लेप्टो यांतला कोणताही असू शकतो. तिन्हींची कार्डं मिळतात, पण त्यांना तारीख असते. डब्यावरची नव्हे, तापाची तारीख. डेंग्यूचं एनएस-१ हे प्रथिन पहिल्या काही दिवसांत सापडतं, नंतर कमी होत जातं. डेंग्यूची आयजीएम अँटिबॉडी चौथ्या-पाचव्या दिवसानंतर वर येते. लेप्टोचीही अँटिबॉडी सुरुवातीला नसते, तयार व्हायला जवळपास आठवडा जातो. म्हणजे तापाच्या दुसऱ्या दिवशी लेप्टोचं अँटिबॉडीचं कार्ड कोरं आलं, तर त्याचा अर्थ 'लेप्टो नाही' असा होत नाही. 'अजून कळत नाही' असा होतो. गुडघाभर पाण्यातून चालून आलेल्या माणसाला ताप आला, पिंढऱ्या दुखत आहेत, डोळे लाल आहेत, तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात, ते बरोबरच करतात. हिवतापाचं उलटं होतं. फाल्सिपेरमचं कार्ड ज्या प्रथिनावर चालतं ते औषध पूर्ण झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. माणूस बरा झालेला असतो आणि रेघ येतच असते.

म्हणून कार्ड करताना 'ताप कितव्या दिवसाचा' हे सांगायला विसरू नका. सेन्सर कितीही बारीक असो, जे शरीरात अजून तयारच झालेलं नाही ते तो कुठून पकडणार?

शुगरच्या मशीनचंही तसंच. या मशीनचं आंतरराष्ट्रीय मानक असं आहे की शंभरपैकी पंचाण्णव वेळा आकडा लॅबच्या आकड्याच्या पंधरा टक्के आत-बाहेर असावा. शुगर खरोखर २०० असेल तर मशीनने १७० दाखवलं काय किंवा २३० दाखवलं काय, ते मानकात बसतं. म्हणून काल १८० होती, आज १९५ आली, असं म्हणत घाबरून डोस बदलू नका. आणि हात धुवा. खजूर खाऊन त्याच बोटाला टोचलं तर मशीन खजुराची साखरही मोजतं. हे थट्टेत सांगत नाही. बोटाला लागलेल्या फळाच्या रसामुळे चुकीचा मोठा आकडा येतो, हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

रमजानचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. आपल्यातले कितीतरी बुजुर्ग रोज्यात शुगर तपासत नाहीत, बोटातून रक्त निघालं की रोजा तुटतो असं समजून. रमजान आणि मधुमेह यांवर डॉक्टरांनी धर्मजाणकारांशी बोलून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन तयार केलं आहे. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की तपासणीने रोजा तुटत नाही. आणि शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या इमामसाहेबांना विचारावं. मी तर म्हणतो इमामसाहेबांनी शाबानमध्येच जुम्माच्या बयानात हे सांगावं. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक सफेत चार-दोन माणसं असणारच.

आता माझ्या धंद्याचा भाग. सेन्सर 'आजार आहे' असं कधी म्हणत नाही. तो फक्त एक संकेत देतो, थोडा किंवा जास्त. कितीच्या वर गेला तर 'आहे' म्हणायचं, ती रेषा माणसाने आखलेली असते, आणि ती सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली असते. रेषा खाली आणली तर रुग्ण सुटत नाहीत, पण निरोगी माणसं अडकतात. वर नेली तर उलट. दोन्ही एकाच वेळी सुधारायचं तर सेन्सर चांगला लागतो. रेषा सरकवून ते होत नाही.

समजा आपण इथे शिबिर घेतलं आणि हजार माणसं आली. त्यांतल्या दहांना खरोखर आजार आहे. किट रुग्णांपैकी नव्वद टक्के पकडतं आणि निरोगी माणसांपैकी पंचाण्णव टक्क्यांना बरोबर 'नाही' सांगतं. ऐकायला झकास. हिशेब करा. दहापैकी नऊ सापडले, एक सुटला. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांना, म्हणजे पन्नासेक जणांना, किटने उगाच 'आहे' म्हटलं. एकूण रेघ आली ५९ जणांना, त्यांतले ५० निरोगी! आता तेच किट दवाखान्यात नेऊ, जिथे आजाराची लक्षणं असलेलेच हजार जण आलेत आणि त्यांतले ३०० खरे रुग्ण आहेत. तिथे २७० सापडतात, आणि उगाच अडकतात फक्त ३५. किट एकच. पण कोणावर वापरलं त्यावर त्याचा अर्थ बदलला.

शिबिरवाले मित्र मोफत किट मिळाली की खूश होतात. माझं त्यांना एवढंच विचारणं असतं की ज्यांच्या कार्डावर रेघ येईल त्यांची दुसरी, पक्की तपासणी कुठे होणार, कोण नेणार, रिक्षाचे पैसे कोण देणार? याचं उत्तर नसेल तर शिबिर पुढे ढकला.

रेषा आखणारं सॉफ्टवेअर ही दुय्यम गोष्ट समजू नका. मुंबईच्या बायोसेन्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने लघवी तपासायच्या पट्टीचा रंग मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचणारं 'यूचेक' नावाचं अ‍ॅप काढलं होतं. कल्पना हुशार होती. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कंपनीला पत्र पाठवलं. पट्ट्यांना आधी परवानगी होती, पण ती डोळ्यांनी वाचण्यासाठी. मोबाइलने वाचायच्या असतील तर पट्टी, फोन आणि अ‍ॅप हे सगळं मिळून एक वैद्यकीय उपकरण होतं, मग त्याची वेगळी मान्यता कुठे आहे, असा सवाल होता. मला तो सवाल योग्य वाटतो. आज कोणी फोन दाखवून 'अ‍ॅप सांगेल' म्हटलं, तर आपणही तेच विचारावं.

आणि नॅनोच्या नावावर फसवणूकही होते. अमेरिकेतल्या थेरानॉस कंपनीने २००३ पासून बोटाच्या एका थेंबात ढीगभर तपासण्यांचं स्वप्न विकलं. २०१८ मध्ये कंपनी बंद झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिची संस्थापक एलिझाबेथ होम्स फसवणुकीत दोषी ठरली. आपल्याकडे त्याची गरीब आवृत्ती फिरते. धातूची कांडी हातात धरायला देतात आणि मिनिटभरात यकृत, किडनी, हाडं, सगळ्यांचा पानंच्या पानं रिपोर्ट काढतात. 'क्वांटम' की काहीतरी म्हणतात. रक्त नाही, लघवी नाही, बेडका नाही, मग मशीन मोजतंय काय? रिपोर्टच्या शेवटी बहुधा एखादी पावडर घ्यायला सांगतात, त्यावरून ओळखा. अशा मशीनला मशिदीच्या किंवा समाजमंदिराच्या हॉलमध्ये जागा देऊ नका. जागा आपली असते, लोक आपल्या नावावर विश्वास ठेवून येतात.

आता जो मुद्दा बोलायला जरा अवघड आहे, तो. आपल्यातले काही लोक तपासणीलाच येत नाहीत. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण २०२० चा मार्च-एप्रिल आठवा. तबलिगी जमातचं प्रकरण झालं आणि तपासणीचा रिपोर्ट हा आरोप झाला. भाजीवाल्यांना नाव विचारलं जात होतं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचे बकरे केल्याची शक्यता दिसते असं म्हटलं. निकाल आला, पण भीती निकाल वाचत नाही. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावला गोवर पसरला, तेव्हा लशीबद्दलचा अविश्वास पुन्हा समोर आला, आणि त्याची किंमत लहान मुलांनी दिली. म्हणजे भीतीला कारण आहे हे खरं, आणि भीतीने जीव जातो हेही खरं.

यावर उपाय तंत्रज्ञानात थोडा आहे, कागदात जास्त आहे. घरात बसून करता येणारी पट्टी आली की रांगेत उभं राहायची लाज जाते. टीबीच्या संशयाने सासर सोडावं लागेल या धास्तीने खोकला दाबणाऱ्या बाईला ती मोठी सोय आहे. पण जो सेन्सर मोबाइलला जोडलेला असतो तो निकाल कुठेतरी पाठवतोही. कुठे? कोण बघतं? टीबीची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून डॉक्टरांना बंधनकारक आहे, आणि ते बरोबर आहे. त्या नोंदीमुळेच उपचार फुकट मिळतात आणि पोषणाचे महिना पाचशे रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. ती नोंद टाळू नका. पण शिबिराची वही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, कारखान्याच्या सुपरवायझरकडे गेलेली यादी, यांना कायद्याचा काही आधार नाही. मुलांची नोकरी त्या यादीने जाते. पाड्यावर सिकलसेलची तपासणी होते तेव्हाही हीच काळजी हवी. वाहक मुलीचं नाव गावभर झालं तर तिच्या लग्नात अडचण, आणि मुलगाही वाहक असू शकतो हे कोणी विचारत नाही.

पुढच्या महिन्यात शिबिर ठरतंय असं कळलं. मी दोन गोष्टी मागतो. किटच्या खोक्यावरचा परवाना क्रमांक, मुदत आणि किती तापमानात ठेवायचं ते आधी वाचून घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या उन्हात ठेवलेलं खोकं वापरू नका. आणि वहीत नावाऐवजी क्रमांक लिहा. नाव आणि क्रमांकाची जोडी एकाच माणसाकडे, शक्यतो आशाताई किंवा नर्सबाईंकडे राहू द्या. आपल्या कमिटीकडे नको, माझ्याकडेही नको.

टेबलावरचं कोविडचं किट मुदत संपलेलं आहे, ते उघडून बघायला हरकत नाही. प्लास्टिकचं कव्हर सोडवलं की आत कागदाची पट्टी दिसेल, आणि तिच्या एका टोकाला रंगाचा पुसट पट्टा. सोनं वापरलं असेल तर तो तांबूस-जांभळा असतो. बघून झालं की प्रश्न विचारा. बहिणींनी आधी विचारावेत, मागच्या बैठकीत त्यांची वेळ भाईलोकांनीच खाल्ली होती.